‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मधले: वस्तुसंवर्धनाच्या विद्यार्थ्यांचे एक प्रदर्शन

संग्रहालयीन वस्तूंच्या संवर्धनाचे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेने आपल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम सर्वांना पाहण्यासाठी खुले केले आहे. प्रदर्शन मोठे नाही. एका लांबट खोलीत ओळीने पेट्या मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक पेटीत एका विद्यार्थ्याने हाताळलेली एक वस्तू, तिच्याशेजारी माहितीफलक, काही छायाचित्रे आणि उपचारांची नोंदवही ठेवलेली आहे. प्रदर्शन आवर्जून पाहावे असे आहे, मात्र त्याच्या जाहिरातीत जे दाखवले आहे त्यासाठी नव्हे. जाहिरातीवर डावीकडे खापरांचा ढीग आणि उजवीकडे डौलदार रांजण अशी जोडी आहे आणि त्या दोन चित्रांच्या मधे एक बाण आहे. या प्रदर्शनात पाहण्यासारखे जे काही आहे ते त्या बाणाच्या जागी आहे, आणि नेमके तेच पाहणाऱ्याला स्वतः शोधून काढावे लागते.

‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावण्याची प्रथा या क्षेत्रात इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु चांगले संवर्धन आणि वाईट डागडुजी यांतला फरक या जोडीतून जवळजवळ कधीच कळत नाही. इपॉक्सी या कृत्रिम चिकटपदार्थाने घट्ट चिकटवलेले, वरून सढळ हाताने रंगवलेले भांडे छायाचित्रात अधिकच देखणे दिसते. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या सुवर्णमुखवट्याची दाढी २०१४ मध्ये निखळली तेव्हा ती घाईने इपॉक्सीने बसवण्यात आली. चुकले होते ते पदार्थाच्या निवडीत आणि तो लावण्याच्या पद्धतीत, कारण असा चिकटपदार्थ एकदा कडक झाला की मूळ वस्तूला इजा न करता काढणे फार कठीण असते. पुढच्या वर्षी जर्मन संवर्धक क्रिश्चन एकमान यांच्या नेतृत्वाखालील चमूला लाकडी हत्यारांनी तो थर काढून दाढी मधमाश्यांच्या मेणाने पुन्हा बसवावी लागली. मुखवट्याची दोन्ही वेळची ‘नंतर’ची छायाचित्रे दुरून पाहिली तर सामान्य प्रेक्षकाला त्यांत फारसा फरक जाणवणार नाही. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाचे मोल ठरवताना वस्तू किती सुंदर झाली हे न पाहता, तिच्याबाबत घेतलेला निर्णय प्रेक्षकापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर इथल्या काही पेट्या उत्तम उतरतात आणि काही साफ नापास होतात.

जाहिरातीतला रांजण पहिल्याच पेटीत आहे. फलकावर चारच ओळी आहेत: तुकडे स्वच्छ केले, जोडले, उरलेल्या जागा भरल्या, रंगवल्या. खरी हकीगत नोंदवहीत आहे आणि ती वाचायला वेळ काढणाऱ्याला हा रांजण वेगळाच दिसू लागतो. तो यापूर्वीही एकदा जोडलेला होता आणि त्या वेळी लाख वापरली होती. लाख जुनी होत जाते तशी काळपट, ठिसूळ आणि विरघळवायला अवघड होते. अतिनील प्रकाशात ती नारिंगी चमकते, आणि नोंदवहीतल्या छायाचित्रात रांजणाच्या अंगावर पसरलेले ते नारिंगी जाळे पाहिल्यावर जुन्या जोडणाऱ्याचा हात कुठे कुठे घसरला होता हे लगेच उमगते. विद्यार्थिनीने आधी हे सगळे सांधे उघडले. त्यानंतर खापरांत मुरलेले क्षार काढण्यासाठी तुकडे शुद्ध पाण्यात बुडवून ठेवले आणि पाण्याची विद्युतवाहकता (ती वाढत असेल तर क्षार अजून बाहेर पडत आहेत असे समजते) वाढायची थांबेपर्यंत ते पाणी पुन्हा पुन्हा बदलले. क्षार आत राहू दिले असते तर हवेतील आर्द्रता वरखाली होताना ते विरघळत, पुन्हा स्फटिकरूप होत आणि पृष्ठभागाचे पापुद्रे काढत राहिले असते.

जोडणीचा भाग तर एखाद्या चांगल्या कथेसारखा वाचावा असा आहे. तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे हे आधी कोरड्या जुळणीत, म्हणजे चिकटपदार्थ न लावता नुसत्या पट्ट्यांनी धरून, ठरवावे लागते. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा आपल्याच जागेत शिरत नाही, आणि तळाशी राहिलेली केसाएवढी फट काठापर्यंत पोहोचेतो स्पष्ट दिसेल एवढी होते. नोंदवहीत एके ठिकाणी विद्यार्थिनीने सरळ लिहिले आहे की खांद्यापाशी जुळणी बिघडली म्हणून बसवलेले सांधे ॲसिटोन या विद्रावकाच्या वाफेने सैल करून पुन्हा लावावे लागले. हे शक्य झाले ते पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेमुळे. ही राळ ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते, काळाबरोबर फारशी पिवळी पडत नाही, आणि म्हणून गेली अनेक दशके संवर्धकांच्या टेबलावर ती हमखास आढळते. तिचा एक दोषही नोंदवलेला आहे: सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ती मऊ पडू लागते, त्यामुळे उन्हाळ्यात तापणाऱ्या दालनात जड रांजणाचे सांधे हळूहळू सरकू शकतात. एवढी मौल्यवान माहिती नोंदवहीत दडवून फलकावर चार निर्जीव वाक्ये लिहिण्याचे कारण मला कळले नाही.

भरणीविषयी मात्र तक्रार नाही. हरवलेल्या जागा प्लॅस्टरने भरून मूळ पृष्ठभागापेक्षा किंचित फिक्या रंगात ठेवल्या आहेत आणि रंग फक्त भरणीवरच लावला आहे, मूळ खापरावर त्याचा शिंतोडाही नाही. सहा फुटांवरून दुरुस्ती खटकू नये आणि सहा इंचांवरून ती लपू नये, हा या व्यवसायातला ढोबळ संकेत इथे नेटका पाळला आहे. याच तत्त्वाचे अधिक शिस्तबद्ध रूप रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. चित्रातील गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा, म्हणजे दुरून रंग एकजीव वाटतो आणि जवळ गेले की रेघा आपली ओळख स्वतःच देतात. रांजणाच्या पेटीसमोर जमिनीवर दोन खुणा करून प्रेक्षकाला ही दोन अंतरे अनुभवू दिली असती तर वेगळ्या फलकाची गरजच उरली नसती.

माझ्या मते प्रदर्शनातली सर्वांत उत्तम पेटी ब्राँझच्या एका छोट्या वाटीची आहे, आणि ती सर्वांत कमी लोक पाहत होते. वाटी हिरवट, खडबडीत आणि वरवर पाहता कोणीच हात न लावल्यासारखी आहे. तिच्या काठावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके आढळल्यापासून हकीगत सुरू होते. हा ब्राँझला जडणारा, संग्रहालयात सर्वांनाच धास्ती असलेला विकार आहे. जमिनीत गाडलेल्या काळात क्लोराइड धातूपर्यंत पोहोचून तिथे क्युप्रस क्लोराइड या तांब्याच्या संयुगाचा थर साचतो. वस्तू उकरून दमट हवेत आणली की तो थर ऑक्सिजन आणि बाष्प यांच्याशी संयोग पावून अधिक जागा व्यापणारी हिरवी भुकटी बनतो, वरचे कवच उखडले जाते आणि प्रक्रिया आत सरकत राहते. यावर प्रचलित रासायनिक उपचार आहे. १९६०च्या दशकापासून बेंझोट्रायझोलच्या द्रावणात वस्तू बुडवून तांब्याभोवती संरक्षक थर तयार केला जातो. विद्यार्थ्याने तो पर्याय तपासला, त्याविषयी लिहिले आणि बाजूला ठेवला.

त्याचे कारण फलकावर ठळक अक्षरांत दिले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना वाटीच्या बाहेरील गंजात विणलेल्या कापडाची उभी-आडवी वीण दिसली. कापड कधीच कुजून गेले आहे, परंतु तांब्याच्या क्षारांनी त्याच्या धाग्यांचा आकार जसाच्या तसा धरून ठेवला आहे. वाटी कापडात गुंडाळून पुरली गेली असावी, असा अर्थ त्यातून निघू शकतो आणि त्या कापडाचा दुसरा कोणताही पुरावा आता जगात नाही. गंज काढला असता तर वाटी चकचकीत झाली असती आणि ही वीण कायमची गेली असती. द्रावणात बुडवल्यानेही नाजूक थर सुटण्याचा धोका होता. म्हणून भुकटीचे ठिपके भिंगाखाली यांत्रिकपणे काढून, बाकी सर्व जसेच्या तसे ठेवून, वाटी ओलावा शोषणारे सिलिका जेल असलेल्या बंद पेटीत ठेवली आहे आणि आतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहावी अशी व्यवस्था केली आहे. पेटीतला आर्द्रतामापक प्रेक्षकाला वाचता येतो. फलकाच्या शेवटी ‘काय केले नाही आणि का’ असा स्वतंत्र मजकूर आहे, आणि संपूर्ण प्रदर्शनात हा मजकूर या एकाच पेटीवर आहे. तो प्रत्येक पेटीवर हवा होता.

लोखंडाच्या पात्याची पेटी थोडक्यात आटोपली आहे, पण ती मांडणीच्या दृष्टीने सर्वांत चतुर आहे. बाहेरून पाहता ते नुसते गंजाचे ढेकूळ आहे. शेजारी उजळलेल्या काचेवर त्याचेच क्ष-किरण छायाचित्र ठेवले आहे, आणि त्यात पात्याची कड, मुठीकडचा भाग आणि दुसऱ्या धातूच्या जडावाची नाजूक रेघ स्वच्छ दिसते. ते ढेकूळ फोडण्याची घाई का करायची नसते, हे सांगायला आणखी शब्द लागत नाहीत.

चांदीच्या तबकाविषयी मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. तबकाचा अर्धा भाग काळा ठेवून अर्धा उजळवलेला आहे आणि साहजिकच त्याच्यासमोर सर्वांत जास्त गर्दी आहे. चांदीवरचा काळेपणा म्हणजे मुख्यतः सिल्व्हर सल्फाइड, म्हणजे गंधकाशी संयोग पावलेली चांदी, अर्थात तो थर म्हणजे त्या तबकाचीच चांदी. घासून तो काढला की प्रत्येक वेळी धातूचा एक सूक्ष्म थर जातो, कोरीव काम बोथट होते आणि मुलामा असेल तर खालचा धातू उघडा पडतो. असे असताना खऱ्या संग्रहातली वस्तू, केवळ परिणाम दाखवण्यासाठी, अर्धवट अवस्थेत मांडणे मला पटत नाही. विद्यार्थ्याला कामाची पद्धत दाखवायची असेल तर त्यासाठी नवा चांदीचा पत्रा काळा करून वापरता आला असता. फलकावर घासण्यासाठी वापरलेल्या खडूच्या बारीक भुकटीचा उल्लेख आहे, परंतु धातू किती गेला याविषयी अवाक्षर नाही. शिवाय अर्धे तबक किती काळ असे ठेवणार आणि पुढे काय करणार, हेही कुठे लिहिलेले नाही.

त्याच्या शेजारी, रंगवलेल्या लाकडी मूर्तीच्या पेटीजवळ, प्रेक्षक हसताना दिसतात, कारण तिथे स्वच्छतेचे द्रव्य म्हणून लाळ असे लिहिले आहे. ही थट्टा नाही. कापसाचा बोळा जिभेवर ओला करून चित्रांवरचा आणि मूर्तींवरचा मळ काढण्याची पद्धत संवर्धनात जुनी आहे, आणि लाळेतील अमायलेजसारख्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) ती कोमट पाण्यापेक्षा परिणामकारक ठरते, हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. तसा अभ्यास करणाऱ्या तीन पोर्तुगीज संशोधकांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक, मिळाले. विद्यार्थिनीने मात्र थेट लाळ न वापरता तिचे गुण असलेले कृत्रिम द्रावण आधी पायथ्याच्या मागल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी तपासले आणि कोणत्या रंगावर ते वापरू नये याची नोंद ठेवली. लोक हसून पुढे जातात, ही तपासणीची छोटी चौकटींची पट्टी कोणी पाहत नाही. ती फलकाच्या तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर लावल्यावर दुसरे काय होणार?

पिसांनी मढवलेल्या शिरस्त्राणाची पेटी संपूर्णपणे बंद आहे आणि त्यावर हाताळणी धोकादायक असल्याची सूचना आहे. एकेकाळी संग्रहालये कीड लागू नये म्हणून पिसे, कातडी आणि पेंढा भरलेले प्राणी यांवर आर्सेनिकची आणि पाऱ्याची संयुगे सर्रास वापरत आणि त्यांचे अंश आजही वस्तूंवर असतात. मूलद्रव्ये ओळखणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या हातातल्या यंत्राने इथे आर्सेनिक आढळल्याने विद्यार्थ्याने पिसे झाडणे, सरळ करणे, उजळवणे हे सारे रद्द केले आणि आपली सगळी मेहनत वस्तूसाठी एक पेटारा बनवण्यात घातली. पॉलिएथिलीनच्या फोममध्ये शिरस्त्राणाच्या आकाराची बैठक कोरली आहे आणि बाजूला सरकवता येणारा कप्पा ठेवला आहे, त्यामुळे वस्तूला हात न लावता ती बाहेर काढता येते. परीक्षकांना हे काम कितपत आवडले असेल याची मला उत्सुकता आहे, कारण छायाचित्रात त्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अगदी सारखेच आहे.

प्रतिबंधक संवर्धनाचे, म्हणजे वस्तूची हानी मुळातच होऊ नये म्हणून घ्यायच्या काळजीचे, टेबल खोलीच्या टोकाला, दाराआड, जवळपास अडगळीत ठेवले आहे, आणि ही मांडणीतली सर्वांत मोठी चूक आहे. त्या टेबलावर ऑडी चाचणीच्या कुप्या आहेत. प्रदर्शनपेटीत वापरायचे कापड, लाकूड किंवा रंग यांचा नमुना चांदी, तांबे आणि शिसे यांच्या छोट्या पट्ट्यांबरोबर, थोड्या पाण्यासह, बंद कुपीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचा आणि पट्ट्यांवर काय परिणाम झाला ते पाहायचे, अशी ही साधी चाचणी १९७० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी रूढ केली. लाकडाच्या नमुन्याबरोबरची शिशाची पट्टी पांढरी पडून खडबडीत झाली आहे, कारण लाकडातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. देखण्या लाकडी कपाटात ठेवलेल्या शिशाच्या नाण्यांचे काय होते हे या एका पट्टीवरून कोणालाही कळावे. तरीही ती दाराआड आहे. याच्या जोडीला एक विसंगती: रंगीत विणकामाच्या तुकड्यावर सोडलेला दिवा मला बराच प्रखर वाटला. वस्त्रांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) मर्यादा पाळली जाते आणि प्रकाशाने होणारी हानी साठत जाते, ती भरून निघत नाही, हे फलकावर लिहिणाऱ्या प्रदर्शनाने त्या पेटीत एक लक्समापक ठेवायला हवा होता. तो असता तर माझ्या शंकेचे निरसनही झाले असते.

फलकांची भाषा हा दुसरा कमकुवत भाग आहे. बऱ्याच फलकांवर राळांची आणि द्रावणांची नावे न समजावता एकापाठोपाठ दिली आहेत, आणि क्रियापदे अशी वापरली आहेत की काम आपोआप घडल्याचा भास होतो. कुठे दोन मार्ग समोर होते, कुठे मार्गदर्शकाशी मतभेद झाला, कुठे वस्तूच्या मालकाने अमुक करू नका असे सांगितले, याचा उल्लेख क्वचितच येतो. शेवटच्या मुद्द्यात विद्यार्थ्यांचे हात बांधलेले असतात हे मान्य केले पाहिजे, कारण वस्तू बहुधा संग्रहालयांकडून उसन्या आलेल्या असतात आणि त्यांच्याविषयी काय छापायचे हे विद्यार्थी एकटा ठरवत नाही. परंतु वस्तू कोठून आली, संग्रहात कशी दाखल झाली, एवढी माहिती तरी प्रत्येक फलकावर असायला हवी होती. ती तीन-चार पेट्यांवर नाही.

बिघडलेले काम दाखवण्याचा संकोच तर या क्षेत्राला शोभत नाही. ब्रिटिश म्युझियममधील पोर्टलँड व्हाज हे रोमन काचपात्र १८४५ मध्ये एका प्रेक्षकाने फोडले. त्याच वर्षी संग्रहालयातील दुरुस्तीकार जॉन डबलडे यांनी ते जोडले तेव्हा ३७ छोटे तुकडे जागा न सापडल्याने उरले. पुढे १९४८-४९ मध्ये आणि पुन्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते संपूर्ण उघडून नव्याने जोडावे लागले, कारण चिकटपदार्थ जुने झाले होते. जगातल्या नामांकित प्रयोगशाळेने आपल्याच पूर्वसुरींचे सांधे उघडल्याची ही हकीगत जाहीरपणे सांगितली जाते. मग विद्यार्थिनीने खांद्यापाशी पुन्हा केलेला सांधा फलकावर यायला हरकत नसावी.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. दिवसातल्या ठरावीक वेळी विद्यार्थी आपापल्या पेटीपाशी थांबतात आणि ती वेळ प्रवेशद्वारावर लावलेली असते. त्याच वेळी जावे, कारण फलकांनी जे दडवले आहे ते विद्यार्थी मोकळेपणाने सांगतात. ब्राँझच्या वाटीचा विद्यार्थी तर कापडाची वीण दाखवण्यासाठी भिंग हातात देतो. ‘हे कसे केले’ या प्रश्नापेक्षा ‘आणखी काय करता आले असते’ हा प्रश्न विचारल्यास गप्पा अधिक रंगतात. नोंदवह्या चाळायला परवानगी आहे, पण त्या साखळीने बांधलेल्या आहेत आणि बसायला एकही खुर्ची नाही. लहान मुलांना लोखंडाचे पाते आणि लाळेची पेटी आवडेल, बाकीच्या ठिकाणी ती कंटाळतील. छायाचित्रे काढता येतात, फ्लॅश वापरता येत नाही. पाहण्याची सुरुवात दाराआडच्या टेबलापासून करावी आणि रांजण शेवटी पाहावा, म्हणजे मांडणीने केलेला अन्याय थोडा तरी कमी होईल.